वाचकांचे प्रश्न: परसातल्या कोंबड्यांसाठी कमी खर्चाचे खुराडे

या वेळच्या पत्रांत परसातल्या कोंबड्यांच्या निवाऱ्याविषयीचे प्रश्न इतके आले आहेत की संपूर्ण सदर त्यासाठीच राखून ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न: परसात सहा कोंबड्या पाळण्याचा विचार आहे. तयार खुराडे परवडत नाही, म्हणून ते घरीच बांधायचे ठरवले आहे. ते किती मोठे असावे आणि खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर: सुरुवात कागदावरून करावी, कारण खुराड्याचा खर्च बहुतेक वेळा सामान महाग असल्यामुळे वाढत नाही, तर मापे सामानाशी जुळत नसल्यामुळे वाढतो. रात्री झोपण्याच्या बंद भागात मध्यम आकाराच्या एका कोंबडीला ३ ते ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद आवारात ८ ते १० चौरस फूट जागा मिळावी, हा सर्वसाधारण हिशोब आहे. त्यानुसार सहा कोंबड्यांना आत सुमारे २४ आणि बाहेर सुमारे ६० चौरस फूट जागा पुरते. पावसामुळे किंवा बर्फामुळे कोंबड्यांना अनेक दिवस आतच राहावे लागत असेल, तर आतली जागा याहून सढळ ठेवावी, कारण दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात आणि एकदा रक्त दिसले की टोचण्याचा तो प्रकार थांबवणे अवघड होते.

आता ही मापे बाजारातल्या मापांना जुळवून घ्यावीत. प्लायवूड ८ बाय ४ फुटांत मिळते आणि जाळीचे गुंडाळे सहसा ३ किंवा ४ फूट रुंदीचे असतात. झोपण्याचा भाग ६ बाय ४ ऐवजी ८ बाय ४ फुटांचा केला, तर तळाची फळी न कापता बसते, वाया काही जात नाही आणि जागाही सढळ होते. आवाराची उंची ६ फूट ठेवली तर ३ फुटी जाळीचे दोन पट्टे एकावर एक बसतात आणि माणसाला वाकल्याशिवाय आत जाता येते. वाकून साफ करावे लागणारे खुराडे फार काळ साफ होत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून उंचीत काटकसर करू नये.

जाळीचा खर्च क्षेत्रफळापेक्षा परिघावर अवलंबून असतो, हेही लक्षात घ्यावे. १६ बाय ४ आणि ८ बाय ८ या दोन्ही आवारांचे क्षेत्रफळ ६४ चौरस फूटच आहे, पण पहिल्याला ४० फूट आणि दुसऱ्याला ३२ फूट जाळी लागते. तेच चौरस आवार एखाद्या पक्क्या भिंतीला टेकवले, तर २४ फुटांत काम होते. पुढे कोंबड्या वाढवण्याचा बेत असेल तर आवार आधीच थोडे मोठे बांधणे स्वस्त पडते, कारण क्षेत्रफळ दुप्पट झाले तरी परीघ दुप्पट होत नाही.

जागा निवडताना पाणी साचत नाही अशी उंचवट्याची जागा आधी पाहावी आणि मग सावलीचा विचार करावा. उष्ण हवामानात खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड बाजूंवर पडते. थंड हवामानात मात्र हिवाळ्यात दुपारी सूर्य ज्या बाजूला असतो त्या बाजूला मोकळे तोंड असलेले बरे.

पैसा कुठे घालावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. छप्पर, जाळी आणि दाराची कडी या तीन गोष्टी नव्या आणि चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात. भिंती, अंडी घालण्याची खोकी, कोंबड्यांना बसायच्या दांड्या, चढउताराची फळी आणि खाद्याची भांडी या सगळ्या गोष्टी जुन्या सामानातून बिनदिक्कत कराव्यात. प्रत्यक्षात याच्या नेमके उलटे होताना दिसते: भिंतींना रंग लागतो, कौलारू टोपी चढते आणि जाळी मात्र सर्वांत स्वस्त घेतली जाते.

प्रश्न: षटकोनी भोकांच्या जाळीचे आवार केले होते. एका रात्री कोणत्या तरी प्राण्याने जाळी फाडून दोन कोंबड्या नेल्या. त्यानंतर जाळी दुहेरी केली, तर खालून माती उकरलेली आढळली. आता काय करावे?

उत्तर: षटकोनी भोकांची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, प्राण्यांना बाहेर ठेवण्याची ताकद तिच्यात नसते. तिची तार बारीक असून नुसती पिळलेली असते, त्यामुळे कुत्रा किंवा कोल्हा ती दातांनी ओढून उसवू शकतो. शिवाय भोके मोठी असल्यामुळे मुंगसासारख्या सडपातळ प्राण्याला त्यातून शिरता येते आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय किंवा मान बाहेरून पकडता येते. तीच जाळी दुहेरी केल्याने खर्च वाढतो, संरक्षण फारसे वाढत नाही.

झोपण्याच्या भागाची प्रत्येक उघडी जागा, खिडकी आणि झरोकेसुद्धा, अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांच्या, सांधे जोडलेल्या जस्ताळलेल्या वेल्ड जाळीने बंद करावी. अर्ध्या इंचातून घूस शिरत नाही, मुंगूस शिरत नाही आणि कोंबडीचे अंडे गिळण्याएवढा जाड सापही शिरत नाही. बाहेरच्या आवारासाठी ही महाग जाळी सगळीकडे लावण्याची गरज नाही. जमिनीपासून ३ फुटांपर्यंत ती लावावी आणि त्यावर एक इंच भोकांची स्वस्त वेल्ड जाळी लावावी. ही काटकसर एका अटीवर करता येते: रोज तिन्हीसांजेला कोंबड्या आतल्या भागात गेल्यावर त्यांचे दार न चुकता बंद झाले पाहिजे. ते दार रोज बंद करणे जमणार नसेल, तर संपूर्ण आवारच रात्रीच्या धोक्याच्या हिशोबाने बांधावे लागते आणि वाचवलेला पैसा तिथेच खर्च होतो.

उकरण्यावर सहसा जाळी जमिनीत पुरण्याचा सल्ला दिला जातो. तो चुकीचा नाही, पण चारही बाजूंनी चर खणण्याची मेहनत मोठी असते आणि ओल्या मातीत जाळी लवकर गंजते. त्यापेक्षा दीड फूट रुंदीचा जाळीचा पट्टा आवाराच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा अंथरावा, त्याची आतली कड चौकटीला पक्की बांधावी आणि बाहेरची कड दगडांनी दाबावी किंवा वाकवलेल्या तारेच्या खुंट्यांनी जमिनीत रोवावी. प्राणी उकरायला सुरुवात करतो ती भिंतीच्या अगदी पायथ्याशी. तिथे नखांना जाळी लागली की तो बाजूला सरकून पुन्हा पायथ्याशीच प्रयत्न करतो. दीड फूट मागे जाऊन बोगदा खणावा, हे त्याला सहसा सुचत नाही. काही आठवड्यांत पट्ट्यातून गवत वर येते आणि जाळी दिसेनाशी होते.

जाळी कशी ठोकली आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. स्टेपलच्या पिना जोराच्या धक्क्याने निघतात. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून ती स्क्रूने आवळावी किंवा प्रत्येक स्क्रूखाली रुंद वॉशर घालावा. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला लावावी, म्हणजे बाहेरून रेटा आला तरी ती चौकटीवर दाबली जाईल, सुटणार नाही. दाराला नुसती फिरणारी पट्टी किंवा हूक पुरत नाही, कारण दार हलवत राहिले की ते आपोआप सरकतात. कडी-कोयंडा लावून त्यात स्प्रिंगची कडी अडकवावी. दाराच्या फटीही तपासाव्यात. उत्तम जाळी लावलेल्या खुराड्याच्या दाराखाली दोन इंचांची फट सोडलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

खुराडे एकतर जमिनीवर पक्के टेकलेले असावे किंवा दीड-दोन फूट उंच खांबांवर असावे. चार-सहा इंचांची पोकळी ठेवली, तर ती घुशींना आयते बीळ म्हणून मिळते. खांबांना मध्यावर पत्र्याची उलटी नरसाळ्याच्या आकाराची टोपी बसवली, तर उंदीर-घुशींना वर चढता येत नाही. मात्र कोंबड्यांची चढउताराची फळी रात्री उचलून ठेवावी, नाही तर टोपी बसवण्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न: आवाराला वरून जाळी घालावी की छप्पर?

उत्तर: घार, ससाणा आणि कावळे अडवायला साधी दोऱ्याची जाळीही पुरते. पण जाळीतून पाऊस आणि रानपक्ष्यांची विष्ठा दोन्ही आत पडतात. रानपक्ष्यांकडून येणाऱ्या बर्ड फ्लूच्या दृष्टीने पक्के छप्पर अधिक सुरक्षित असते. संपूर्ण आवारावर ते परवडत नसेल, तर निदान खाद्य आणि पाणी जिथे ठेवले जाते तेवढा भाग पत्र्याखाली आणावा. जिथे बर्फ पडतो तिथे दोऱ्याची जाळी बर्फाच्या भाराने तुटते, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न: जुन्या मालवाहू पॅलेटच्या फळ्या, मोडक्या घराचे दरवाजे आणि पत्रे फुकट मिळाले आहेत. हे सामान वापरण्यात काही धोका आहे का?

उत्तर: अशा सामानानेच खुराडे खरे स्वस्त होते, पण ते निवडून घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो. लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार तो मारला जातो. शिक्क्यात ‘एचटी’ ही रोमन अक्षरे असतील, तर ते लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे आणि वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ अक्षरे असतील, तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते घेऊ नये. शिक्का नसलेले पॅलेट देशांतर्गत वापराचे असू शकते. त्यावर तेलाचे किंवा रसायनांचे डाग असतील अथवा उग्र वास येत असेल, तर फुकट मिळाले तरी सोडून द्यावे.

जुन्या दारांवरचा रंग ही अधिक गंभीर बाब आहे. पूर्वीच्या अनेक तैलरंगांत शिसे असे. कोंबड्यांना पोपडे टोचून खाण्याची सवय असते आणि त्यांच्या पोटात गेलेले शिसे अंड्यांतही उतरते. बाहेरून त्या कोंबड्या धडधाकट दिसू शकतात, त्यामुळे हा दोष लक्षात येत नाही. जुना रंग घासून काढणे हा उपाय नाही, कारण घासताना उडणारी धूळ माणसालाच अपायकारक असते आणि ती जमिनीतही मिसळते. रंगाचे पोपडे निघणारे जुने दार खुराड्याला लावूच नये.

हिरवट छटेचे, आर्सेनिकयुक्त द्रावण मुरवलेले जुने लाकूड आणि क्रिओसोट (डांबरापासून काढलेले विषारी तेल) लावलेले रेल्वेचे काळे स्लीपर ही दोन्ही वर्ज्य मानावीत. अमेरिकेत अशा आर्सेनिकयुक्त लाकडाचा घरगुती बांधकामासाठीचा पुरवठा २००३ च्या अखेरीस थांबवण्यात आला, पण त्याआधी उभारलेली कुंपणे आणि ओटे अजूनही मोडीत निघत असतात. सिमेंटचे जुने पन्हळी पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ श्वासाला घातक असते; ते पत्रे कापू, फोडू किंवा भोके पाडू नयेत. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून गाडीचे जळके ऑइल फासण्याचा उपाय अनेकांना स्वस्त आणि रास्त वाटतो. मला तो कोंबड्यांच्या चोचीच्या उंचीवर अजिबात मान्य नाही, कारण त्या ऑइलमध्ये जड धातू आणि घातक हायड्रोकार्बन उरलेले असतात. खांब दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभे करून मातीपासून वेगळे ठेवले, तर वाळवीचा प्रश्न बराच सुटतो.

पॅलेटच्या फळ्यांचा आणखी एक दोष फारसा कुणी सांगत नाही. त्यांत फटी आणि खाचा फार असतात आणि लाल माइट नावाचे, टाचणीच्या डोक्याहून लहान असलेले रक्तपिपासू जीव दिवसभर अशाच फटींत लपून राहतात. रात्री ते बाहेर येऊन कोंबड्यांचे रक्त पितात आणि पहाटेपूर्वी परत जातात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. उबदार हवेत त्यांची पिढी सुमारे एका आठवड्यात तयार होते आणि रक्त न मिळाले तरी ते अनेक महिने जिवंत राहतात. म्हणजे रिकाम्या ठेवलेल्या जुन्या खुराड्यात नव्या कोंबड्या सोडल्या तरी त्रास सुरू होऊ शकतो. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने आणि टोकांवरून पांढरा कागद फिरवावा. कागदावर लाल रेघा उमटल्या, तर माइट आहेत असे समजावे. फळ्या शक्य तितक्या एकसंध घ्याव्यात, सांधे लांबीने (पुट्टीने) बुजवावेत, भिंतींना आतून चुना द्यावा आणि दांड्या ठोकून न टाकता खाचेत बसवाव्यात, म्हणजे त्या उचलून बाहेर उन्हात घासता येतात.

प्रश्न: थंडी लागू नये म्हणून खुराडे सगळीकडून बंद केले आहे. आता आत उग्र वास येतो, खाली ओल असते आणि दोन कोंबड्यांचे डोळे पाणावले आहेत. फरशी रोज धुऊनही फरक पडत नाही.

उत्तर: धुणे आजच थांबवावे. पाण्याने धुतलेले खुराडे संध्याकाळपर्यंत पूर्ण सुकत नाही आणि सगळा त्रास त्या ओलीतूनच निघतो. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. त्यातले बहुतेक विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडते. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. विष्ठेतल्या यूरिक अ‍ॅसिडवर जिवाणूंची क्रिया होऊन अमोनिया तयार होतो आणि ओल व ऊब असेल तर ही क्रिया वेगाने होते. अमोनियाचे प्रमाण सुमारे २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर राहू लागले की कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनलिकेचे अस्तर दुखावते, मग इतर श्वसनविकारांना वाट मोकळी होते. आपले नाक त्या वासाला काही मिनिटांत सरावते, म्हणून पहाटे दार उघडल्याबरोबर गुडघ्यांवर बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर पहिला श्वास घेऊन पाहावा. तिथे डोळे झोंबले तर हवा अपुरी आहे.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि फुलवलेली पिसे तिला उत्तम ऊब देतात. कोरडी थंडी ती सहज सोसते. तिला बाधते ती दमट थंडी आणि अंगावर थेट येणारा झोत. म्हणून झरोके बंद करायचे नसतात, योग्य उंचीवर ठेवायचे असतात. वळचणीखाली, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा वर, समोरासमोरच्या दोन भिंतींना जाळीचे पट्टे ठेवावेत. दमट, उबदार हवा वर चढून तिथून बाहेर पडते आणि कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही. प्रत्येक कोंबडीमागे निदान एक चौरस फूट झरोका असावा. ८ फूट लांबीच्या दोन्ही भिंतींना सहा इंचांचा पट्टा ठेवला, तर ८ चौरस फूट होतात आणि सहा कोंबड्यांची गरज भागते. उष्ण प्रदेशात एक संपूर्ण भिंतच जाळीची ठेवावी. त्यात फळ्यांचा खर्चही वाचतो. ऊब देण्यासाठी आत विजेचा दिवा टांगू नये, कारण कोरड्या तुसात पडलेल्या दिव्याने आग लागते.

खाली भाताचा तूस, लाकडाचा जाडसर भुसा किंवा बारीक चिरलेले कोरडे गवत यांची चार ते सहा इंच जाड गादी घालावी. ती दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालीवर करावी, थोडे मूठभर धान्य टाकले तर हे काम कोंबड्याच करतात. मुठीत घेऊन दाबलेली गादी हात उघडताच भुरभुरीत सुटली पाहिजे. ढेकूळ तसेच राहिले तर ओल जास्त आहे. अशा वेळी ओला भाग काढून कोरडा तूस घालावा. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत संसर्ग करण्याजोगे होतात आणि वाढत्या पिलांना त्याचा मोठा धोका असतो. वास मारण्यासाठी ओल्या गादीवर चुना भुरभुरण्याची पद्धत मात्र सोडावी. चुन्यामुळे गादी अल्कधर्मी होते आणि अडकलेला अमोनिया उलट झपाट्याने बाहेर पडतो. चुना भिंतींना द्यावा, गादीला नको.

निम्म्याच्या आसपास विष्ठा रात्री दांडीखालीच पडते. तिथे एक फळी किंवा जुना पत्रा ठेवून त्यावर तुसाचा पातळ थर द्यावा आणि सकाळी खरवडून काढावा. पाच मिनिटांच्या या कामाने गादी कितीतरी जास्त दिवस टिकते. काढलेली विष्ठा ताजीच झाडांना घालू नये, पालापाचोळ्यात मिसळून कुजू द्यावी.

पाण्याचे भांडे शक्यतो खुराड्याच्या आत ठेवूच नये. रात्री अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत आणि गादी ओली होण्याचे निम्मे कारण सांडलेले पाणी असते.

प्रश्न: दांड्या असूनही कोंबड्या अंडी घालण्याच्या खोक्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

उत्तर: बहुधा आपली खोकी दांडीच्या उंचीवर किंवा त्याहून वर असावीत. पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा रात्री झाडावर चढून बसतो आणि आपल्या कोंबड्याही जी जागा सर्वांत उंच दिसेल तिथे झोपायला जातात. खोक्यांचा तळ जमिनीपासून दीड फुटावर असेल, तर दांडी अडीच फुटांवर ठेवावी. जड जातीच्या कोंबड्यांना उंचावरून उडी मारल्याने तळव्याला इजा होते. त्यांच्यासाठी दोन्ही उंची कमी कराव्यात, अंतर मात्र कायम ठेवावे. दांडी दोन इंच रुंद, कडा गोलवलेली आणि भिंतीपासून फूटभर दूर असावी आणि प्रत्येक कोंबडीला तिच्यावर ८ ते १० इंच जागा मिळावी. लोखंडी नळी टाळावी. ती निसरडी असते आणि हवेप्रमाणे तापते किंवा गार पडते. शिडीसारख्या चढत्या दांड्या लावल्या तर वरच्या दांडीसाठी रोज भांडणे होतात, म्हणून सगळ्या एकाच उंचीवर बऱ्या.

खोके एक फूट लांब, रुंद आणि उंच पुरते आणि चार कोंबड्यांना एक खोके पुरेसे होते. प्लास्टिकचे क्रेट किंवा आडवा ठेवलेला धुतलेला डबा फळीच्या खोक्यापेक्षा चांगला, कारण तो धुता येतो आणि त्यात माइटला फटी मिळत नाहीत. पुढे चार इंचांची पट्टी लावावी, म्हणजे गवत आणि अंडी बाहेर येत नाहीत. आधीच लागलेली सवय मोडण्यासाठी आठ-दहा दिवस संध्याकाळी खोक्यांची तोंडे पुठ्ठ्याने बंद करावीत आणि पहाटे लवकर उघडावीत. एखादी कोंबडी दिवसभर खोक्यात बसून राहत असेल आणि जवळ गेल्यावर फुगत असेल, तर ती खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली आहे. तिचा प्रश्न दांडीचा नाही.

प्रश्न: पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. छप्पर बदलणे शक्य नाही.

उत्तर: कोंबडीला घाम येत नाही, धाप टाकून श्वासातली ओल उडवणे हाच तिचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग आहे. हवेचे तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की त्रास दिसू लागतो. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा जाड हात द्यावा. चुना पावसाने धुपतो, म्हणून तो दर उन्हाळ्याआधी द्यावा लागतो. पत्र्याखाली चार-सहा इंच अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा जुन्या प्लायचे दुसरे छत टांगावे आणि मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवावी, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते. त्या पोकळीच्या तोंडांना अर्ध्या इंचाची जाळी लावायला विसरू नये. छपरावर गवत किंवा झावळ्या अंथरल्यानेही फार फरक पडतो, मात्र त्यात उंदीर आणि साप राहतात आणि आगीचा धोका असतो.

बाजूंना ओली पोती टांगण्याचा उपाय कोरड्या हवेत आणि वारा असेल तरच करावा. दमट हवेत त्याने आतली आर्द्रता वाढते आणि धाप टाकूनही कोंबडीचे अंग थंड होत नाही. छपराची कड भिंतीपुढे निदान दोन फूट आणली, तर दुपारचे ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतात. सगळ्या उपायांत मला हाच सर्वाधिक फलदायी वाटतो.

प्रश्न: जागोजागी हलवता येणारे, तळ नसलेले खुराडे कमी खर्चात होते असे ऐकले आहे. ते बांधावे का?

उत्तर: तीन-चार कोंबड्या आणि सपाट गवताळ जागा असेल तर जरूर बांधावे. ८ बाय ४ फुटांची हलकी चौकट, एक तृतीयांश भाग झाकलेला, उरलेल्या भागाला जाळी, एका टोकाला दोन चाके आणि दुसऱ्या टोकाला धरायला दांडा, एवढे पुरते. एका माणसाला एक टोक उचलून ओढता आले पाहिजे, त्यामुळे जाड लाकूड वापरू नये. पण फार हलके प्लास्टिकच्या नळ्यांचे खुराडे वाऱ्याने उलटते. त्याला चारही कोपऱ्यांत खुंट्या हव्यातच. रोज किंवा दिवसाआड एक खुराडाभर पुढे सरकवावे आणि गवत पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, त्याच जागी परत आणू नये. त्यामुळे जमिनीला खत मिळते आणि जंतांची अंडीही एका जागी साठत नाहीत. ओढताना मागच्या आडव्या पट्टीखाली कोंबडीचा पाय सापडतो, म्हणून हळू ओढावे. दोन-चार दिवसांत कोंबड्या स्वतःच पुढे चालू लागतात.

जमीन खडबडीत असेल तर चौकटीखाली फटी राहतात आणि तिथून मुंगूस किंवा घूस आत येते. रोज जागा बदलायची असल्यामुळे जाळीचा आडवा पट्टा अंथरणेही व्यवहार्य नसते. अशा खुराड्याच्या झाकलेल्या भागाला जाळीचा तळ आणि बंद होणारे दार देऊन कोंबड्यांना रात्री तिथे कोंडावे. पायांना लागू नये म्हणून त्या जाळीवर तूस घालावा आणि झोपायला दांडी द्यावी. हे जमत नसेल, तर हलते खुराडे फक्त दिवसा वापरावे आणि संध्याकाळी कोंबड्यांना पक्क्या खुराड्यात न्यावे.